आपले नाव दुसऱ्या संघाला द्याल का? महाराष्ट्रातील सहकारी दूध संघांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका सहकारी दूध उत्पादक संघांचे सन्माननीय अध्यक्ष आणि संचालक

सप्रेम नमस्कार.

मुंबईत अमूलच्या दुधाचा खप वाढल्याची चर्चा सुरू झाली, किंवा राज्यात कुठे त्यांच्या संकलनाची बातमी आली, की परराज्यातील दुधाच्या आक्रमणाबद्दल एखादे निवेदन निघतेच. मी मुंबईत राहणारा ग्राहक आहे; मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, आणि घरच्या गोठ्यातले दूध आजही सकाळ-संध्याकाळ गावच्या सोसायटीला जाते. त्यामुळे पिशवी विकत घेणाऱ्याचा आणि दुधातल्या फॅट-एसएनएफची (स्निग्धांश आणि इतर घन घटकांची) पावती हातात घेणाऱ्याचा, असे दोन्ही हिशेब मला थोडेफार कळतात. या दोन्ही नात्यांनी आपणांस सांगावेसे वाटते की, अमूलच्या वाढीचा इतिहास आपण तक्रारीच्या सुरात आळवण्याऐवजी एकदा ताळेबंदासारखा वाचावा, कारण त्यातल्या जमेच्या बऱ्याच बाजू मुंबईच्या खात्यावर आहेत आणि मुंबई आपल्या दारात होती.

आधी आजचे चित्र पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. त्यात गुजरातचा वाटा ७.६५ टक्के आणि महाराष्ट्राचा ६.७१ टक्के होता. दोन राज्यांच्या गोठ्यांमध्ये एका टक्क्याचेही अंतर नाही. मात्र अमूलची विक्री करणाऱ्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाची उलाढाल २०२४-२५ मध्ये सुमारे ६५,९०० कोटी रुपयांवर गेली, आणि त्याच सुमारास, म्हणजे २०२४ साली, आपल्या राज्य महासंघाचा, महानंदचा कारभार आणंद येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती सोपवावा लागला. गाई-म्हशी कमी, चारा कमी, पाऊस कमी ही कारणे या दोन वाक्यांमधली दरी भरून काढू शकत नाहीत. फरक गोठ्याच्या पुढे, दूध सोसायटीच्या दारातून बाहेर पडल्यानंतर निर्माण झालेला आहे.

अमूलचा जन्म गुजरात राज्यात झाला, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो मुंबई इलाख्यात झाला आणि मुंबईच्या तहानेतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शहरातील दुधाची अवस्था इतकी वाईट होती की सरकारने १९४५ मध्ये मुंबई दूध योजना सुरू केली आणि चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या, खेडा जिल्ह्यातल्या आणंदहून दूध आणण्याचे ठरवले. हे दूध गोळा करण्याचा मक्ता पोलसन या खाजगी कंपनीकडे होता. सरकार आणि कंपनी यांच्यातला दर ठरलेला होता. शेतकऱ्याला किती मिळावे, हे मात्र कोणीच ठरवले नव्हते, आणि ते बहुधा ठेकेदाराच्या मर्जीवर चाले. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून मोरारजी देसाई खेडा जिल्ह्यात गेले, ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली, आणि मुंबईला जाणारे दूध शेतकऱ्यांनी पंधरा दिवस अडवून धरले. मुंबईचे दूध आयुक्त आणंदला जाऊन आले, मागणी मान्य झाली आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजेच पुढच्या अमूलची, नोंदणी झाली. जून १९४८ मध्ये संघाने मुंबईच्या योजनेसाठी दूध पाश्चराइज करण्यास सुरुवात केली, तेव्हा मोजक्या सोसायट्यांचे मिळून जेमतेम अडीचशे लिटर दूध येत होते. आपल्यापैकी अनेकांच्या संघांची सुरुवात याहून मोठी होती, हे मुद्दाम नमूद करतो.

याच मुंबईने त्या काळी दुधाच्या प्रश्नावर दुसरेही एक उत्तर शोधले होते आणि ते आजही माझ्या घरापासून फार लांब नाही. शहरातल्या तबेल्यांमधल्या म्हशी बाहेर काढून एका वसाहतीत आणायच्या, तिथे त्यांची नीट देखभाल करायची आणि दूध बाटलीबंद करून शहरभर केंद्रांवर विकायचे, ही मुंबईच्या दूध योजनेचे अधिकारी दारा खुरोडी यांची कल्पना. १९४९ मध्ये गोरेगावला ३,१६६ एकर जागेवर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. टोन्ड दूध, म्हणजे म्हशीच्या दुधात दूध पावडर आणि पाणी मिसळून स्निग्धांश कमी करून स्वस्तात अधिक लोकांपर्यंत पोहोचवलेले दूध, ही कल्पनाही खुरोडींचीच. पहाटे केंद्रासमोरची रांग, हातातले कार्ड आणि चकचकीत झाकणाची काचेची बाटली या गोष्टी मुंबईकरांच्या दोन पिढ्यांच्या दिनक्रमात होत्या आणि त्या चांगल्या चालल्या, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु आरेच्या रचनेत म्हैस तबेलेवाल्याची, दुग्धशाळा सरकारची आणि नफातोटा कोणाचाच नाही, अशी स्थिती होती. शहराच्या हद्दीत भाकड म्हैस पोसणे परवडत नसे, म्हणून चांगल्या जातीची जनावरे एका-दोन वेतांनंतर कसायाकडे जात आणि नवी म्हैस गुजरात-हरियाणाकडून आणली जाई. त्याच १९४९ साली आणंदला पोहोचलेल्या आणि पुढे खेडा संघाचे व्यवस्थापक झालेल्या वर्गीस कुरियन यांची भूमिका याच्या नेमकी उलट होती: म्हैस गावातच राहावी, भाकडकाळात शेतकऱ्याच्या बांधावर चरावी, आणि प्रवास फक्त दुधाने करावा. न्यूझीलंडची स्वस्त पावडर मुंबईत मुरवली जात असताना आणंदचे हिवाळी दूध घ्यायला नकार मिळतो, यावरून कुरियन आणि खुरोडी यांच्यात कडाक्याचे वाद झाले. मॅगसेसे पुरस्कार समितीला बहुधा हे वाद ठाऊक नसावेत, किंवा ठाऊक असूनही तिने दुर्लक्ष केले असावे. १९६३ मध्ये तिने त्रिभुवनदास, कुरियन आणि खुरोडी या तिघांनाही एकत्र गौरवले.

त्या हिवाळी दुधापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या आजच्या संकटाचे मूळही तिथेच आहे. थंडीत म्हशीचे दूध उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त होते; मुंबई मात्र बारा महिने साधारण तेवढेच दूध पिते. उरलेल्या दुधाचे काय करायचे, याचे उत्तर खेडा संघाने सरकारकडे मागत बसण्याऐवजी स्वतः शोधले. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना संघाचे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफच्या मदतीने उभारलेल्या प्रकल्पाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले, आणि त्यानंतर पावडर, लोणी, म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेच्या साहाय्याने बालान्न, पुढे चीज, अशी जास्तीच्या दुधाला एकेक वाट फुटत गेली. पोलसनच्या खारट, आंबवलेल्या सायीच्या लोण्याला सरावलेल्या मुंबईकरांना अमूलचे ताज्या सायीचे लोणी सुरुवातीला बेचव वाटले, तेव्हा संघाने मीठ आणि रंग घालून ग्राहकाची चव सांभाळली. (१९६६ साली आलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगीही मुंबईच्याच जाहिरात संस्थेतली, तिच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.)

आपण मात्र या काळात सरकारकडे पाहत राहिलो. महाराष्ट्रात शासकीय दूध योजनांनी जिल्ह्याजिल्ह्यांत शीतकरण केंद्रे आणि दुग्धशाळा उभारल्या, उत्पादकाला ठरलेल्या दराची हमी दिली आणि सुरुवातीच्या काळात त्याचा मोठा फायदाही झाला. पण हमी देणारा खरेदीदार असल्यावर विक्री शिकावी लागत नाही. दूध वाढले की संकलनाला सुट्टी जाहीर व्हायची, आणि त्या दिवशीचे दूध शेतकऱ्याने काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नसायचे. आजही २०२४ मध्ये पावडरचे दर पडले तेव्हा गाईच्या दुधाला लिटरमागे आधी पाच आणि नंतर सात रुपये अनुदान देण्याची वेळ सरकारवर आली. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद हवी, म्हणून गावोगाव सोसायटीचे सचिव हैराण झाले. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी आणंदने ज्या प्रश्नाला हात घातला, तो आपल्याकडे अजून अर्थसंकल्पातून सोडवला जातो.

अमूलच्या यशाची कारणे विचारली की सहसा कुरियन यांचे नाव, पंतप्रधान शास्त्रीजींनी १९६४ मध्ये आणंदजवळच्या अजरपुरा गावात काढलेली रात्र, १९६५ चे दुग्धविकास मंडळ आणि १९७० ते १९९६ या काळातील दूध महापूर योजना (ऑपरेशन फ्लड) यांची यादी येते. ती खरीच आहे. युरोपातून भेट मिळालेली पावडर आणि बटर ऑइल विकून उभ्या केलेल्या पैशातून दूध उत्पादक जिल्हे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांशी जोडले गेले. कुरियन एकाच वेळी राष्ट्रीय मंडळाचे आणि गुजरातच्या महासंघाचेही अध्यक्ष असल्यामुळे आणंदला झुकते माप मिळाले, ही आपल्याकडची जुनी तक्रारही मी सरसकट खोडून काढणार नाही; एका व्यक्तीकडे दोन्ही पदे वर्षानुवर्षे असावीत, हे सहकाराच्या दृष्टीने योग्य नव्हते. परंतु मला ज्या गोष्टीने खरा फरक पडला असे वाटते, ती या यादीत नसते.

ती गोष्ट १९७३ सालची आहे. त्या वर्षी गुजरातच्या जिल्हा संघांनी मिळून विपणन महासंघ स्थापन केला. तोपर्यंत अमूल हे खेडा संघाचे स्वतःचे, अठरा-वीस वर्षे मेहनतीने कमावलेले नाव होते. मेहसाणा, बनासकांठा, साबरकांठा हे संघ त्याचे उद्याचे प्रतिस्पर्धी होते. मुंबईच्या दुकानात एकाच फळीवर पाच संघांची पाच लोणी उभी राहिली असती आणि दुकानदाराने प्रत्येकाकडून जास्त कमिशन उकळले असते. खेडा संघाने आपले नाव त्या सर्वांना वापरू दिले. आपापल्या भागात काही संघांनी जुनी ओळख राखली, पण राज्याबाहेरच्या बाजारात गुजरातचे दूध एका नावाने, एका दर्जाने आणि एका विक्री यंत्रणेतून जाऊ लागले. आज १८ जिल्हा संघ, सुमारे १८,६०० गावे आणि ३६ लाख उत्पादक त्या एका नावामागे उभे आहेत. दूध बनासकांठ्यात जास्त झाले आणि खेडा जिल्ह्यात कमी झाले, तरी मुंबईतल्या ग्राहकाला ते कळतही नाही, आणि बनासकांठ्याच्या शेतकऱ्याला आपले दूध विकण्यासाठी खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याशी दरयुद्ध करावे लागत नाही.

आता आपल्याकडे पाहावे. राज्य महासंघाची स्थापना आपण १९६७ मध्येच, म्हणजे गुजरातच्या आधी सहा वर्षे केली, आणि १९८३ मध्ये गोरेगावला महानंदची दुग्धशाळाही सुरू झाली. कागदावर गाव, जिल्हा आणि राज्य अशी तीच त्रिस्तरीय रचना होती. परंतु मुंबईत ज्या संघाचे पाय रोवले गेले, त्याने महानंदकडे पाठवायचे दूध कमी करून स्वतःची पिशवी बाजारात आणली. कोल्हापूर, वारणा, पुणे, संगमनेर येथील संघांनी चांगले दूध दिले आणि नावही कमावले; गोकुळचे म्हशीचे दूध मुंबईतल्या कित्येक घरांत आजही पहिली पसंती आहे, आमच्या घरातही आहे. या संघांना दोष देणे मला जड जाते, कारण प्रत्येकाने आपल्या सभासदांच्या हिताचेच पाहिले. मात्र त्याची बेरीज अशी झाली की सभासद संघांनीच दूध न दिल्याने महासंघ पोकळ होत गेला, लहान आणि दुष्काळी भागातील संघांना मुंबईत विकायला नावच उरले नाही, ते एकेक करून बंद पडले किंवा खाजगी दुग्धालयांचे पुरवठादार झाले. राज्यातले बहुतांश दूध आज खाजगी डेऱ्यांकडे जाते, याचे श्रेय त्या डेऱ्यांच्या चपळाईइतकेच आपल्या आपसांतल्या स्पर्धेला आहे.

अमूलमध्ये सगळे आलबेल आहे, असे माझे म्हणणे नाही. तिथल्या एका मोठ्या जिल्हा संघातील गैरव्यवहाराचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेले आहे, आणि तिथल्या निवडणुकांतही राजकीय पक्ष असतातच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महासंघाच्या संचालक मंडळावर गुजरातच्या जिल्हा संघांचे अध्यक्ष बसतात. आपल्या उत्पादकाने अमूलला दूध घातले तर त्याला दर मिळेल, कदाचित वेळेवर आणि चांगला मिळेल, पण उलाढालीवर त्याचा मालकी हक्क राहणार नाही. कर्नाटकाने आपली नंदिनी आणि तामिळनाडूने आपले आविन राखण्यासाठी २०२३ मध्ये जो आवाज उठवला, त्यामागे हाच विचार होता. त्यांच्याकडे राखायला एक नाव होते, हा मात्र त्यांच्यातला आणि आपल्यातला फरक.

दुसरी गोष्ट व्यवस्थापनाची. त्रिभुवनदास निवडून आलेले अध्यक्ष होते आणि कुरियन संघाचे नोकर. अध्यक्षांनी गावोगावचे सभासद सांभाळले, राजकीय दबाव स्वतःच्या अंगावर घेतला आणि यंत्रे, खरेदी, नेमणुका यांत हात घातला नाही. आपल्याकडे संघाची निवडणूक विधानसभेइतकी चुरशीची होते आणि सत्ता बदलली की कार्यकारी संचालकही बदलतो, नोकरभरतीच्या याद्याही बदलतात. हे मी आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझी मागणी परराज्यातील दूध रोखण्याची नाही. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या बाजारपेठेपुरते तरी महाराष्ट्राच्या सहकारी दुधाचे एकच नाव असावे, आणि ते नव्याने शोधत बसण्याऐवजी ज्या संघाचे नाव आज ग्राहकाच्या तोंडी आहे, त्याने ते इतरांना द्यावे. दर्जाच्या अटी त्याच संघाने घालाव्यात, त्या कडक असाव्यात, ज्या संघाला त्या पाळता येणार नाहीत त्याला नाव मिळू नये. नावाच्या वापराबद्दल रास्त मोबदलाही घ्यावा. महानंदची गोरेगावची दुग्धशाळा आणि राष्ट्रीय मंडळाचे व्यवस्थापन यांचा उपयोग या सामाईक विक्रीसाठी करून घेता येईल काय, हे आपण मंडळाशी बसून ठरवू शकता. मात्र प्रत्येक संघाने आपल्या रोजच्या संकलनातला ठरावीक वाटा या नावासाठी बांधून दिला पाहिजे, टंचाईच्या उन्हाळ्यातसुद्धा. महानंद नेमके हे न झाल्यामुळे बुडाले.

मुंबईतील जागांबद्दलही एक शब्द. कुर्ल्याच्या मदर डेअरीची साडेआठ हेक्टर जागा २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय झाला, आणि वरळीच्या दुग्धशाळेचे नावही आता बहुधा भूखंडाच्या संदर्भातच ऐकू येते. धारावीकरांना घरे मिळू नयेत, असे कोणीच म्हणणार नाही. पण दूध साठवण्याच्या आणि पिशव्या भरण्याच्या शहरातल्या जागा एकदा गेल्या की परत मिळत नाहीत, आणि या जागांचे काय व्हावे याबद्दल राज्यातील एकाही संघाने ठाम भूमिका घेतल्याचे माझ्या वाचनात आले नाही. अमूलचे मुंबईसाठीचे दूध विरारच्या प्रकल्पात भरले जाते. आपण आपल्या टँकरसाठी शहराजवळ कोणती जागा राखणार आहात?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सामाईक नावाचा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. त्याच सभेत, ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले किती पैसे उत्पादकाच्या खात्यावर गेले, दिवाळीच्या फरक बिलासह (दुधाच्या दरातील फरकापोटी उत्पादकाला नंतर मिळणाऱ्या रकमेसह), हा आकडा प्रत्येक संघाने जाहीर करावा. अमूल आपण ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्कम उत्पादकाला देतो असे सांगते, त्याशेजारी आपला आकडा ठेवता आला पाहिजे. ज्या संघाला नाव देणे मान्य नसेल, त्याने ते कोणत्या कारणाने मान्य नाही, हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे, म्हणजे गावातल्या सोसायटीच्या सभासदालाही ते मागून घेऊन वाचता येईल.

कळावे.

आपला,
गोरेगाव, मुंबई येथील एक ग्राहक आणि सातारा जिल्ह्यातील एका दूध सोसायटीच्या सभासदाचा मुलगा